चव्हाट्यावरचे लोखंडी बाक

तुम्ही धाडहून बुलढाण्याला निघालात आणि एस. टी. नुकतीच गेलेली असली, तर काय करता? आधी सावली पाहता, मग बसायला जागा. वैशाखातली दुपार असेल तर बसण्यापूर्वी तळहात टेकवून बघता, लोखंड तापलं तर नाही ना! उघड्यावर, सगळ्यांसाठी ठेवायचं हे लोखंडी आसन कसं घडत गेलं, ते आज पाहू.

आपल्याकडे खुर्ची ही बसायची वस्तू थोडी आणि मानाची जास्त. 'अमक्याची खुर्ची गेली' म्हटलं, की लाकूड चोरीला गेलं असं कोणी समजत नाही. चावडीवर साहेब आला की खुर्ची त्याला. बाकीचे सतरंजीवर, आणि काही जण पायरीखाली मातीत. लहानग्या भीमराव आंबेडकरांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. अशा समाजात, येईल त्याने बसावे असे बाक ही साधी गोष्ट नव्हती.

रेल्वेने ती थोडीशी घडवली. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी धावली, 1867 पर्यंत रूळ मलकापूर-शेगावावरून नागपूरला पोहोचले. फलाटावर बाके आली; बिडाचे पाय, वर लाकडी फळ्या. (वर्गाप्रमाणे प्रतीक्षागृहे निराळी, तो पंक्तिभेद रेल्वेनेही सोडला नाही!) बिडाचा फायदा असा, की साचा एकदा केला की शंभर पाय सारखे निघतात. इंग्लंडात कोलब्रुकडेलच्या ओतशाळेने तर नेच्याच्या पानांची नक्षी असलेली बागेतली बाके ओतली. पण बीड जड आणि ठिसूळ. घणाचा एक घाव बसला की तुकडा पडतो.

पुढची उडी घेतली ती नळीने. 1925 च्या सुमारास जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतील मार्सेल ब्रॉयर याला सायकलच्या हँडलवरून सुचले, की पोलादी नळी वाकते तर तिची खुर्ची का होऊ नये? पोकळ नळी वजनाला हलकी आणि भार सोसायला खंबीर. आपल्या किर्लोस्करवाडीनेही नांगरांबरोबर पुढे लोखंडी फर्निचर केले, हे इथे सांगायला हवे.

पण घरातली खुर्ची अंगणात एक पावसाळा ठेवून पाहा! फ्रान्समधल्या झाव्हिए पोशार या कारागिराने यावर उपाय केला तो तुमच्या घरच्या बादलीचाच, म्हणजे जस्ताचा मुलामा. 1934 साली त्याने मुलामा दिलेल्या पत्र्याची खुर्ची काढली. फ्रान्समधल्या कॉफीच्या दुकानांबाहेर ती वर्षानुवर्षे भिजत राहिली.

मला मात्र सर्वांत आवडते ती हान्स कोराय याची खुर्ची. 1939 साली झ्युरिकला स्वित्झर्लंडचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्यातल्या बागांसाठी त्याने ती अॅल्युमिनियमची केली. अॅल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश. शिवाय बैठकीला आणि पाठीला मिळून 91 भोके पाडलेली. भोकांमुळे वजन घटले, पावसाचे पाणी थांबेना, पाठीला वारा लागू लागला. सारी खुर्ची जेमतेम तीन किलोची, म्हणजे लहान मुलानेही उचलावी. आज विमानतळावर आणि एस. टी. स्थानकांवर भोकाभोकांचे पोलादी बाक दिसते, त्याची नाळ अशा विचाराशी जोडलेली आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. ग्रामपंचायत बाके करून घेते, देणगीदाराचे नाव ठळक रंगवते, आणि मागे टेकले की नाव सदऱ्याला! ते असो. गुरुजी, मुलांना घेऊन एकदा बाक तपासा. गंज सर्वांत आधी कुठे धरतो? जिथे वेल्डिंग केले तिथे, कारण उष्णतेने जस्त जळून जाते. आणि पाय जमिनीत शिरतो तिथे, कारण पाणी तुंबते. बैठकीची उंची मोजा. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास असेल तर म्हातारीला गुडघ्यावर हात न ठेवता उठता येते. फार खाली असेल तर कोणाला तरी बोलवावे लागते.

मधल्या हातांविषयीही एक सांगतो. हात असले की उठायला आधार मिळतो, हे खरे. पण अनेक शहरांत ते मुद्दाम बसवतात, कोणी आडवे होऊ नये म्हणून. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने विहिरी, रस्ते आणि सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. शेवटची गाडी चुकलेला माणूस त्या सर्वांतच येतो. माझ्या मते हात दोन्ही टोकांना असावेत, मध्ये नकोत.

कोरायची खुर्ची सुटी होती, ऊन आले की उचलून सावलीत नेता येई. आपले बाक काँक्रीटमध्ये पुरलेले असते. तेव्हा खड्डा खणण्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता तिथे जा, आणि निंबाची सावली कुठवर येते ते पाहून खुंटी ठोका.