ऑथेल्लोचा रंग

१६६० सालच्या ८ डिसेंबरला लंडनमधल्या व्हीर स्ट्रीटवरच्या नाटकगृहात ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला आणि डेस्डेमोनाचं काम एका स्त्रीनं केलं. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाईची भूमिका बाईनं करायची ही पहिलीच वेळ मानतात. प्रेक्षक बिचकू नयेत म्हणून पडदा उघडण्याआधी एक पद्य म्हणून दाखवण्यात आलं. आज जी दिसेल ती खरोखरीच बाई आहे, असा त्याचा मथितार्थ. नाटक तेव्हा ५६ वर्षांचं झालं होतं आणि तोवर डेस्डेमोना मिसरूड न फुटलेली मुलंच करत होती. तिच्या शेजारी त्या संध्याकाळी उभा असलेला ऑथेल्लो मात्र गोराच होता, चेहऱ्याला काळा रंग लावलेला. लंडनमध्ये ही भूमिका काळ्या नटाच्या वाट्याला यायला १८२५ साल उजाडलं. म्हणजे नायिकेनंतर आणखी १६५ वर्षं.

भूमिकेचा वंश, वर्ण आणि चेहरामोहरा नटाच्या अंगी असायला हवा का, हा वाद निघाला की मला ही दोन सालं आठवतात. वादात एक बाजू म्हणते, अभिनय म्हणजेच जे आपण नाही ते होणं; मग रंगाची अट कशाला? दुसरी म्हणते, ज्याचं दुःख त्यानंच मांडावं. दोन्ही बाजू तत्त्वाचं बोलतात. पण एकाच नाटकाच्या मागे चारशे वर्षं चालत गेलं, की तत्त्वाआधी दुसरंच काही दिसायला लागतं. दार कोणासाठी कधी उघडलं आणि ते उघडताना सबब काय सांगितली गेली, हे दिसतं.

१८२५च्या मे महिन्यात लंडनच्या पूर्व भागातल्या रॉयल्टी थिएटरात ऑथेल्लो झालेला आयरा ऑल्ड्रिज तेव्हा सतरा वर्षांचा होता. जन्म न्यूयॉर्कचा. अमेरिकेत काळ्या नटाला भवितव्य नाही हे ओळखून तो अटलांटिक ओलांडून आला होता. पुढे त्याची जाहिरात ‘आफ्रिकन रोशियस’ म्हणून होऊ लागली. रोशियस हा प्राचीन रोमचा नामांकित नट. त्याच्या चरित्राच्या पुस्तिकेत तो सेनेगलमधल्या राजघराण्याचा वंशज असल्याचंही छापलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या पोराला ‘अस्सल’ ठरण्यासाठी सेनेगलचा राजपुत्र व्हावं लागलं! अस्सलपणाच्या मागणीत हा खोटेपणा पहिल्यापासून मुरलेला आहे.

१८३३च्या मार्चमध्ये एडमंड कीन हा त्या काळचा सर्वांत मोठा नट कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो करता करता रंगमंचावर कोसळला. थोड्याच आठवड्यांत तो वारला. याच कीननं ऑथेल्लोचा काळा रंग उतरवून त्याला तांबूस-गव्हाळ केलं होतं. काळ्या रंगाखाली चेहऱ्यावरचे भाव हरवतात, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण त्या काळच्या विद्वानांनी पुरवलं होतं. खुद्द कोलरिज म्हणत होता की शेक्सपियरच्या मनात हा नायक निग्रो असणं शक्यच नाही. थोडक्यात, माणूस थोर असेल तर तो इतका काळा कसा असेल? कीनच्या जागी एप्रिलमध्ये ऑल्ड्रिज उभा राहिला आणि वर्तमानपत्रं तुटून पडली. डेस्डेमोनाचं काम करणाऱ्या एलन ट्रीसारख्या सभ्य स्त्रीला या माणसानं रंगमंचावर हात लावायचा, ही तक्रार एका प्रतिष्ठित नियतकालिकानं शालीनतेच्या नावानं छापली. दोन प्रयोगांनंतर कॉव्हेंट गार्डनचं दार बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला, हे ध्यानात घेतलं की त्या दोन रात्रींचा ताण कळतो.

गंमत अशी, की आता नट भूमिकेशी तंतोतंत जुळत होता. ऑथेल्लो काळा, नट काळा. तरी लंडनला तो नको होता. रंग फासलेला गोरा माणूस गोऱ्या बाईला मिठी मारतो तेव्हा ते नाटक असतं. न फासलेला मारतो तेव्हा ते नाटक राहत नाही, ही खरी अडचण.

ऑल्ड्रिज मग गावोगाव हिंडला आणि १८५२पासून युरोपभर. त्यानं शायलॉक केला, मॅकबेथ केला, लिअर केला. या भूमिकांसाठी तो चेहऱ्याला पांढरा रंग लावत असे. रशियात त्याचं मोठं कौतुक झालं. १८६७ साली पोलंडमधल्या वूज शहरात दौऱ्यावर असतानाच तो वारला.

आता आपल्याकडे येऊ. १८४८च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या सां सूसी थिएटरात ‘ऑथेल्लो’ लागलं. गोऱ्यांचं, गोऱ्यांसाठी चाललेलं ते नाटकगृह. नायक मात्र बैष्णवचरण आढ्य नावाचा बंगाली तरुण, आणि डेस्डेमोना मिसेस अँडरसन. १० तारखेला प्रयोग ठरला होता. दुय्यम कामांसाठी डमडमच्या छावणीतले शिपाई यायचे होते, पण ऐनवेळी लष्करी अधिकाऱ्यानं त्यांना मनाई केली. नाटक बघायला आलेले लोक परत गेले. आठवडाभरानं, १७ तारखेला, प्रयोग झालाच. परीक्षणांत त्याच्या इंग्रजी उच्चारांची वाहवा झाली, ‘एका नेटिवाच्या मानानं’ ही पुस्ती जोडून. त्याआधी एका पत्रलेखकानं शहरातल्या वर्तमानपत्रात त्याची दखल घेतली होती ती, काळ्यांसाठीची शिवी वापरून, ‘न रंगवलेला’ ऑथेल्लो म्हणून.

त्या ‘न रंगवलेला’वर मी नेहमी अडखळते. आढ्य आफ्रिकी नव्हता, मूर नव्हता. उत्तर आफ्रिकेशी त्याचा संबंध पत्रलेखकाइतकाच, म्हणजे शून्य. पण साहेबाच्या नजरेला बंगाली आणि मूर एकाच रंगपेटीतले. नट आणि भूमिका ‘जुळतात’ असं आपण म्हणतो तेव्हा कोणाच्या डोळ्यांना जुळतात, हा प्रश्न राहूनच जातो. आढ्यला ती भूमिका मिळाली याचं श्रेय त्याच्या वाचेलाही असेल, कातडीलाही. पण हॅम्लेटसाठी कलकत्त्याच्या साहेबांनी त्याला बोलावलं असतं, असं मला वाटत नाही.

मराठीत मात्र याच नाटकाचं वेगळंच झालं. शेक्सपियरचं मराठीत आलेलं पहिलं नाटक मानतात ते ‘ऑथेल्लो’च. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं हे भाषांतर १८६७ साली निघालं; तिकडे ऑल्ड्रिज गेला तेच साल. पुढे १८९०च्या सुमारास गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो गाजवला. हे नाव घेतलं की निम्मा निकाल तिथेच लागतो. झुंझारराव व्हेनिसमध्ये उपरा असणार नाही. तो परक्या वंशाचा सेनापती न राहता आपल्यातलाच, संशयानं पोखरलेला सरदार होतो. शोकांतिका उरते ती मत्सराची. ऑथेल्लोचा रंग देवलांनी पुसला असं कोणी म्हणेल. मी म्हणेन, त्यांनी तो आपल्या प्रेक्षकाला बोचणार नाही एवढा खाली आणला. कीननं इंग्रजीत जे केलं त्याच्याच जवळपासचं, फक्त कारणं वेगळी.

आणि गणपतरावांसमोर नायिका कोण? बाळाभाऊ जोग. स्त्रीभूमिकांसाठी ख्यातनाम असलेला पुरुष. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकत नव्हतं. पुढे बालगंधर्वांच्या नऊवारीची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली आणि पन्नाशी गाठलेले, अंगानं सुटलेले गंधर्व सिंधू किंवा भामिनी म्हणून उभे राहिले तरी लोक तिकीट काढत होते. मराठी रंगभूमी किती उदार, डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवणारी, असा अभिमान यावर आपण बाळगतो. तो निम्माच खरा आहे. हा संकेत गोड होता, पण कुलीन घरातल्या बाईनं रंगमंचावर यायचं नाही या बंदीवर तो उभा होता. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक आल्या त्या बंद दाराला धक्का देतच. पुरुषानं बाई होणं ही कला, यात शंका नाही. बाईला बाई होऊ न देणं ही मात्र कला नव्हती.

शब्दांच्या अंगानं मला हा प्रश्न भिडला तो भाषांतर करताना. ‘ऑथेल्लो’चा पहिला अंक मी मराठीत करायला घेतला होता. त्या अंकात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही: नायकाचं नाव तिसऱ्या प्रवेशापर्यंत कोणी उच्चारतच नाही. तोवर तो नुसता ‘मूर’ असतो, नाहीतर त्याच्या ओठांवरून, रंगावरून, जनावराची उपमा देऊन केलेली शिवी. नाव पहिल्यांदा घेतो तो व्हेनिसचा ड्यूक, आणि तेही तुर्कांविरुद्ध त्याची गरज पडते तेव्हा.

‘मूर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘मूर’ असंच ठेवलं तर वाचकाला तळटीप लागते. ‘हबशी’ किंवा ‘सिद्दी’ म्हटलं तर जंजिरा डोळ्यांपुढे येतो. ‘काळा’ म्हणावं तर शिवी ठसठशीत उतरते, पण दुसरीकडे घात होतो. कारण मराठीत काळ्याच्या शेजारी सावळा बसलेला आहे, आणि सावळा हा शब्द आपण शतकानुशतकं विठ्ठलासाठी राखून ठेवला आहे. देव सावळा, सून मात्र गोरी पाहिजे! महाभारतातल्या द्रौपदीचं नाव कृष्णा, म्हणजे काळी; कॅलेंडरवर ती कोणत्या रंगाची असते ते सांगायला नको. कृष्णाला तर आपण निळा करून टाकलं. ड्यूक जेव्हा म्हणतो की या माणसाचे गुण पाहता तो काळा कमी आणि उजळ जास्त, तेव्हा शेक्सपियर ज्या एका शब्दावर गोरेपणा, सौंदर्य आणि न्याय्यपणा तोलतो, त्याला मराठी फार सहज हात देते. ‘गोरागोमटा’, ‘उजळ माथ्यानं’. मला एवढं सोपं जायला नको होतं.

आणि ‘तोंडाला काळं फासणं’. गोऱ्या नटांच्या रंगभूषेचं वर्णन मराठीत करायला गेलं की हाच वाक्प्रचार पुढे येतो, आणि मराठीत त्याचा अर्थ भरचौकात केलेली बेअब्रू. वर मी दोन-तीनदा ‘रंग फासलेला’ असं लिहिलं आहे ते जाणूनबुजून. ‘लावलेला’ लिहिताना तो अभिनय वाटतो. ‘फासलेला’ म्हटलं की कोणाची तरी अब्रू जाते. १९६४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए अंगभर काळा रंग चढवून, आवाज खाली उतरवून, चाल बदलून ऑथेल्लो झाला. तो अचाट अभिनय आहे, चित्रपटातही दिसतो. आज तो बघताना मला दोन्ही शब्द एकदम आठवतात. त्याच्या २१ वर्षं आधी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पॉल रोबसननं ऑथेल्लोचे २९६ प्रयोग केले होते. १९३०मध्ये हीच भूमिका लंडनमध्ये केलेल्या रोबसनला मायदेशात ती करायला १३ वर्षं लागली. तेव्हा काळा नट नाही म्हणून गोऱ्यानं केलं, ही सबब ऑलिव्हिएजवळ नव्हतीच.

मग आता ऑथेल्लो काळ्यांनीच करावा, हा निकाल लागला का? ब्रिटनमधला काळा नट ह्यू क्वार्शीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उलटाच मुद्दा मांडला. ही भूमिका काळ्या नटानं तर मुळीच करू नये, कारण तो ती करतो तेव्हा काळा माणूस मुळातच रागीट, भोळा आणि हिंसक असतो या समजुतीवर त्याच्या देहाचा शिक्का बसतो. हा युक्तिवाद मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण जुळण्याची किंमत त्यात मोजली आहे. पुढे २०१५ साली क्वार्शीनं रॉयल शेक्सपियर कंपनीत ऑथेल्लो केलाच, पण त्यात इयागोही काळा होता. ल्युशन मसामाटी. द्वेष करणारा आणि द्वेषाचा बळी दोघे एका रंगाचे झाल्यावर नाटकातला रंग कुठे सरकतो, हे प्रेक्षकाला नव्यानं शोधावं लागलं.

१६०४च्या नोव्हेंबरात ‘ऑथेल्लो’ इंग्लंडच्या राजदरबारात झालं, तेव्हा खराखुरा आफ्रिकी सेनानी दख्खनमध्ये फौजा हलवत होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ताकरविता झालेला मलिक अंबर. शेक्सपियरला त्याची गंधवार्ता नव्हती. मलिक अंबरनं आपली मुलगी सुलतानाला दिली, खडकी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. आफ्रिकी माणसाला सेनापती म्हणून पाहण्यासाठी आपल्याला व्हेनिसला जायची गरज नव्हती.

सिद्दी समाज आजही आहे. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळच्या रानाकडेच्या गावांत अनेक सिद्दी घरांत कोकणी बोलतात, मराठीही कित्येकांना येते. त्यांच्यातून रंगभूमीवर येणारे नट-नट्याही आहेत. मलिक अंबरवर मराठी नाटक काढणाऱ्या निर्मात्यानं तिकडे जावं, हे मी म्हणेनच. पण तेवढ्यावर थांबलो तर आपण आढ्यला फक्त ऑथेल्लोपुरतं बोलावणाऱ्या कलकत्त्याच्या साहेबांच्या रांगेत बसतो. ऑल्ड्रिजनं पांढरा रंग लावून लिअर केला. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधला म्हातारा गणपतराव बेलवलकर एखाद्या सिद्दी नटानं करावा, रंग न लावता, पुण्यातल्या किंवा दादरच्या एखाद्या नाट्यगृहात, रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षागृहात काय कुजबुज होते ते मला ऐकायचं आहे, आणि ती किती वेळात थांबते तेही.