विद्यार्थ्याचे अन्न व आसरा

महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाचा, वेदीचा व घंटेचा वृत्तान्त यावा हे योग्यच होय. मजकडे मात्र ‘शिक्षण’ हा विषय सोपविण्यात आला. शाळा-कॉलेजांची जंत्री देऊन वाचकांस कंटाळविण्यापेक्षा, ज्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही अशा एका प्रश्नाकडे वळावेसे वाटते. शिकणारा मुलगा रात्री निजला कोठे, आणि जेवला काय?

‘कॉलेज’ हा शब्द आज आपण व्याख्यानांच्या खोल्या, प्रयोगशाळा व परीक्षा ह्यांस लावतो. परंतु पॅरिस नगरात ज्याला पहिले कॉलेज म्हणून मान दिला जातो, तेथे कोणी काही शिकवीत नसे! लंडनचा जोस नावाचा एक गृहस्थ यरुशलेमेच्या यात्रेहून परतताना 1180 साली पॅरिसला थांबला. तेथील मोठ्या देवळाशेजारच्या रुग्णालयात एका खोलीत काही गरीब विद्यार्थ्यांना निजण्यास जागा दिलेली त्याने पाहिली. त्याने ती खोली विकत घेऊन अठरा विद्यार्थ्यांसाठी कायमची लावून दिली. प्रत्येकास अंथरूण व दरमहा थोडी नाणी मिळत. मोबदल्यात रुग्णालयात मरण पावणाऱ्यांच्या प्रेतापुढे त्यांनी पाळीपाळीने क्रूस व पवित्र पाणी घेऊन चालावयाचे, एवढेच. ही ‘अठरांची’ खोली हेच ते कॉलेज. पुढे 1257 च्या सुमारास रोबेर द सोर्बों ह्या धर्मगुरूने निर्धन ईशज्ञानाभ्यासकांसाठी घर उघडले, आणि सोर्बोन हे जगद्विख्यात नाव त्या घरावरून आले. सारांश, आधी पथारी आली, मग पाठ आला.

आपल्याकडे हीच गोष्ट निराळ्या रूपाने घडली. माधुकरी आणि वार ह्या चालीविषयी जुन्या पिढीने पुष्कळ ऐकले आहे. परगावचा मुलगा आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवी. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाण्यावर भागवी. पुण्यात 1909 मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलेही आरंभीच्या काळात दारोदार माधुकरी मागत. ह्या चालीने मोठमोठे विद्वान घडविले हे नाकारता येत नाही. तथापि तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वार मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाला लागे. कुणब्याच्या, माळ्याच्या मुलाला ते दार किलकिले असे, आणि महार-मांगांच्या मुलाला तर ओटाही बंद असे. ज्याला जेवावयास कोणी बोलावीत नाही, त्याने शिकावे कसे?

आपल्या नाशकात ह्या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मिळाले होते. आज ज्याला आपण शरणपूर म्हणतो व ज्याच्या रस्त्याने दररोज जातो, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटी ह्या प्रोटेस्टंट संस्थेने वसविले. नावच बोलके आहे. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात, व त्यांतील कित्येकांना शरणपुरात आणून अन्न, वस्त्र, निवारा, अक्षरे आणि हातचा एखादा धंदा देण्यात येई. त्यांपैकी जेकब वेनराईट हा पुढे आफ्रिकेस परत गेला, आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्या प्रवाशाच्या मृतदेहासोबत थेट लंडनपर्यंत पोहोचला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनविधीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. नाशिकच्या एका बोर्डिंगातील मुलगा! आपल्या बंधुपंथाचे हे काम आपण कॅथोलिकांनी मोकळ्या मनाने गौरवावे, असे मला वाटते.

ह्यानंतर कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढून पाहिले, पण त्यात बहुधा ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. तेव्हा महाराजांनी व्यवहार ओळखला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणू लागले. जातवार घरे बांधून जात मोडते काय, असा आक्षेप घेणे सोपे आहे. मीही सेमिनरीत असताना तो हिरिरीने घेत असे. आता वाटते की उपाशी मुलापुढे असा वाद घालणे हे पोट भरलेल्यांचेच काम होय.

नाशिक जिल्ह्यात 1914 साली स्थापन झालेल्या मराठा विद्याप्रसारक समाजाने हाच मार्ग धरला. 1920 च्या एप्रिलमध्ये शाहू महाराज स्वतः नाशकास आले, व त्यांच्या हस्ते उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीचा पाया घातला गेला. वाचकांनी सालाकडे लक्ष द्यावे. नाशकातील हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघाले 1924 मध्ये. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाचे बोर्डिंग कॉलेजाच्याही आधी उभे राहिले! पॅरिसचाच क्रम येथे पुन्हा दिसतो.

सातारचे कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस जेवीत. 1927 साली महात्मा गांधींनी तेथे भेट देऊन संतोष व्यक्त केला. धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना मोडीत. अखेर मंगळसूत्रही गेले. 1930 मध्ये त्या वारल्या. आपण इतिहासात भाषणे करणाऱ्यांची नावे घेतो, पण चुलीपाशी बसून हिशेब जुळविणारी ही बाई बहुधा पायरीवरच राहते. दुसरीकडे, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या पहिल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह 1925 मध्ये सुरू केले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यानंतर, 1930 मध्ये झाला.

आपल्या समाजाची कथा ह्याहून निराळी नाही. आज अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जे मिशनकार्य केले, त्यात देवळाच्या भिंतीला लागून मुलांचे बोर्डिंग असावयाचेच. आपल्यांतील कित्येक कुटुंबे त्या भागातून नाशकास आली, आणि त्यांचे आजे-पणजे त्या बोर्डिंगांतील भाकरी व आमटीवर वाढले. 1987 साली नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व महागुरुस्वामी थॉमस भालेराव हे त्याचे पहिले मेंढपाळ झाले, तेव्हा ही परंपरा आपल्या हाती आयती आली. ती आपण नीट सांभाळली काय?

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक होतो. आषाढातील एका संध्याकाळी सुरगाण्याकडचा एक मुलगा भिजत आला. कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नव्हते. “फादर, व्हरांड्यात निजलो तरी चालेल,” तो म्हणाला. धर्मगुरुनिवासात परक्यास ठेवू नये असा नियम होता, आणि मी नियमाचा माणूस. मी त्याला चहा पाजला, पन्नास रुपये दिले, एका ओळखीच्या गृहस्थांस चिठ्ठी दिली व दिवा मालवून निजलो. दिवाळीच्या आसपास कळले की त्याने कॉलेज सोडले व तो निफाडकडे द्राक्षबागेच्या छाटणीस जातो. तो ख्रिस्ती नव्हता, हे मी त्या वेळी स्वतःशी दोनदा म्हटल्याचे आठवते.

2018 साली हा प्रश्न रस्त्यावर आला. शहरांतील आदिवासी वसतिगृहांची भोजनालये बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात भरावयाचे, असे सरकारने ठरविले. त्याविरुद्ध जुलै महिन्यात आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशकाकडे पायी निघाली. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांस अडविले. पैसे हाती आले तर वाईट काय, असे अनेक सुजाण माणसांनी मला विचारले. ठेकेदाराच्या जेवणाची कीर्ती काही चांगली नव्हती, हे मान्य. परंतु खात्यातले पैसे वेळेवर येतीलच असे नाही; आणि घरी बी-बियाण्याची अडचण असली की कोणता मुलगा ते स्वतःच्या पोटात घालील? जोसच्या अठरा विद्यार्थ्यांनाही नाणीच मिळत, हे खरे. पण त्यांचे अंथरूण पक्के होते.

आज नाशकात कॉलेजे उदंड आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण येथून येणारी मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात, एका खोलीत चार-पाच खाटा, आणि दोन वेळांच्या डब्याऐवजी एकच. आपल्या रविवारच्या मिस्सेला मागच्या बाकांवर बसणारी जी अनोळखी तरुण मंडळी दिसते, तीत अशी काही आहेत. मी त्यांस विचारले आहे. सकाळचे काय खाल्ले ह्या प्रश्नास बहुतेक जण हसून उत्तर टाळतात.

सभागृहामागील दोन खोल्यांत सध्या मोडकी बाके व नाताळच्या गोठ्याचे सामान आहे. महोत्सवाच्या निधीतून कमानीवर रोषणाई करावी की ह्या खोल्यांत खाटा टाकाव्या, हा विषय धर्मग्राम-समितीपुढे मी ठेवला आहे, आणि माझे मत काय ते आता लपून राहिले नाही. जून उजाडण्यापूर्वी छपराची गळती काढावी लागेल. ज्या घरांना आठवड्यातून एक वार, एका मुलाचे किंवा मुलीचे जेवण सोसवेल, त्यांनी आपले नाव मिस्सेनंतर मजजवळ द्यावे. मुलाची जात अथवा धर्म ह्या वहीत लिहिण्याचा रकाना मी ठेवलेला नाही.