भरतीच्या तपासणीचा इतिहास

आजचे तरुण सैन्याच्या कामाचे उरले नाहींत, ही तक्रार फार जुनी आहे. १८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध पेटलें, तेव्हां मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरांतून हजारों इंग्रज तरुण भरतीस आले. परंतु डॉक्टरांनीं त्यांतील बहुसंख्यांस परत धाडलें. पुढें १९०२ सालीं जनरल सर फ्रेडरिक मॉरिस यांनीं लिहिलें कीं, भरतीस येणाऱ्या पांचांपैकीं दोघेच दोन वर्षांनंतर उपयुक्त शिपाई म्हणून उरतात. इंग्रज वंशच खालावला, अशी हाकाटी उठली.

सरकारनें १९०३ सालीं चौकशीसमिती नेमली. वंश खालावल्याचा पुरावा तिला आढळला नाहीं. निकस अन्न, कोंदट घरें आणि दारिद्र्य यांवर तिनें १९०४ सालीं बोट ठेविलें. तदनुसार १९०६ च्या कायद्यानें गरजू मुलांस शाळेंत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांस मिळाली, आणि १९०७ च्या कायद्यानें शाळांतून वैद्यकीय तपासणी आली.

पण पेरलेलें लागलीच उगवत नाहीं. १९१७-१८ सालीं सुमारें २४ लाख पुरुष तपासले गेले, तेव्हां पहिल्या प्रतीचे शेंकडा ३६ च निघाले. पुष्कळ सुदृढ माणसें आधींच रणांगणावर गेलीं होतीं, हें खरें; तथापि उरलेल्या बहुतेकांचें बालपणहि त्या कायद्यांपूर्वींच सरलें होतें.

भरतीच्या वेळीं तरुणाची छाती मोजली जाते. ती घडलेली असते मात्र लहानपणच्या ताटावर. तरुणांस नांवें ठेवण्यापूर्वीं प्रत्येक देशानें तें ताट पाहावें.