विश्वस्त मंडळाचं मूल्यमापन बाहेरच्या माणसाकडून का करून घ्यावं?

मस्जिद, कब्रस्तान, उर्दू शाळा, शिष्यवृत्ती देणारी अंजुमन, बैतुलमाल... आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एखादी संस्था असतेच. तिचा कारभार विश्वस्त मंडळ पाहतं. हिशेब दरवर्षी तपासले जातात. पण मंडळ स्वतः कसं काम करतं, हे कोण तपासतं?

ऑडिट म्हणजे मूल्यमापन नव्हे

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवून त्यांचं ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिटरच्या अहवालात पैशांपलीकडचेही काही प्रश्न असतात. विश्वस्तांची किमान-कमाल संख्या पाळली आहे का? सभा नियमित होतात का? इतिवृत्त ठेवलं जातं का? एखाद्या विश्वस्ताकडून संस्थेचं काही येणं किंवा त्याचं संस्थेकडे काही देणं आहे का? याची उत्तरं एका शब्दात देता येतात. सभा झाली, एवढं त्यातून कळतं. सभेत अध्यक्षांशिवाय कोणी तोंड उघडलं का, ठराव नंतर अमलात आला का, हे मात्र कळत नाही.

सक्ती नाही, पण मुभा आहे

कंपनी कायदा, २०१३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही मोठ्या कंपन्यांना संचालक मंडळाच्या कामगिरीचं मूल्यमापन करावं लागतं. ते स्वतंत्र बाह्य संस्थेकडून करून घेण्याची सोयही कायद्यात आहे. ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थांसाठीच्या २०१७ च्या आचारसंहितेत मोठ्या संस्थांनी दर तीन वर्षांनी बाहेरून मूल्यमापन करून घ्यावं, अशी शिफारस होती. आपल्याकडच्या सार्वजनिक ट्रस्टवर अशी सक्ती नाही. त्यामुळे पुढाकार विश्वस्तांनाच घ्यावा लागतो.

बाहेरचाच माणूस का?

जमातीच्या संस्थेत कोणी कोणाचा मामू असतो, कोणी व्याही, कोणी भागीदार. संस्थेचा गाळा नात्यातल्या माणसाला कमी भाड्याने दिलाय, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं कोणी? बाहेरचा सल्लागार प्रत्येक विश्वस्ताशी वेगळं आणि नाव गुप्त ठेवून बोलतो. म्हणून सभेत न निघालेला विषय त्याच्यापुढे निघतो.

सल्लागार काय पाहतो?

• ट्रस्ट डीड किंवा घटना आणि मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं.
• विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज दिला का.
• निर्णय मंडळ घेतं की एक-दोन जणच.
• स्वतःचा किंवा नात्याचा संबंध असलेल्या विषयात विश्वस्त मतदानापासून दूर राहतो का.
• महिला, तरुण आणि जाणकार यांना मंडळात यायला वाट आहे का.
• मुख्याध्यापक, कर्मचारी, पालक आणि देणगीदार यांचं म्हणणं काय आहे.

निवडताना काय काळजी घ्यावी?

नातं, धंदा किंवा निवडणुकीतली गटबाजी, यातल्या कशानेही तो संस्थेशी जोडलेला नसावा. संस्थेचा स्वतःचा ऑडिटर किंवा वकील नकोच. नेमणूक एकट्या अध्यक्षांनी न करता पूर्ण मंडळाने ठराव करून करावी आणि अहवालही सर्व विश्वस्तांना मिळावा. कामाची व्याप्ती, मुदत आणि फी आधीच लेखी ठरवावी. छोट्या संस्थेला महागडी फर्म लागत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ट्रस्टचे अनुभवी पदाधिकारी किंवा निवृत्त मुख्याध्यापक, बँक अधिकारी हेही हे काम करू शकतात. ते फी घेत नसतील, तरी अटी लेखीच असाव्यात.

मर्यादा

सल्लागाराचा अहवाल हा सल्ला असतो, निकाल नव्हे. तो कोणाला पदावरून काढू शकत नाही. अफरातफरीचा संशय असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे, आणि वक्फ संस्था असेल तर वक्फ मंडळाकडेच जावं लागतं. तसंच अहवाल कपाटात गेला तर सगळी मेहनत वाया. त्यातल्या तीन-चार सूचना निवडाव्यात, प्रत्येकीपुढे जबाबदार विश्वस्ताचं नाव आणि तारीख लिहावी आणि वर्षभराने आढावा घ्यावा. अहवालाचा सारांश वार्षिक सभेत जमातीसमोर वाचून दाखवावा. ज्यांची जकात आणि चंदा संस्थेत येतो, त्यांचा तेवढा हक्क आहे.