लायकन्स, जीन

(१९३५ – ). अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ. आम्लवर्षेचा जंगलावर होणारा परिणाम उलगडणारे अग्रणी संशोधक. न्यू हॅम्पशर राज्यातील हबर्ड ब्रुक या प्रायोगिक वनात त्यांनी एफ. हर्बर्ट बोरमन आदी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये अभ्यास सुरू केला. पद्धत साधी, पण चिकाटीची होती: छोट्या पाणलोटात पावसाबरोबर काय येते आणि ओढ्यातून काय वाहून जाते, याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवायचा.

तेथील पावसाचे पीएच मूल्य ४ च्या आसपास निघाले. प्रदूषणमुक्त पावसाचे ते साधारण ५.६ असते. कोळसा व इंधन जाळल्याने निघणारे गंधकाचे आणि नायट्रोजनाचे ऑक्साइड वाऱ्याने दूरवर जाऊन आम्ल बनतात. हे आम्ल मातीतील कॅल्शियम धुऊन नेते आणि मुळांना घातक असे ॲल्युमिनियम मोकळे करते. कॅल्शियम घटले की लाल स्प्रूसची पाने थंडीत करपतात, शर्करा मॅपल खंगतो. पानांवरील डाग सहज दिसतात. मातीची ही झीज मात्र दीर्घ नोंदींशिवाय कळलीच नसती, आणि लायकन्स यांचे खरे मोठेपण तेथेच आहे.

प्रदूषण घटूनही ओढे सावरत नाहीत, कारण जमिनीतला कॅल्शियमचा साठाच आटला आहे, असे त्यांनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले. पुढे १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज पसरण्यात आले. तेथील मॅपल पुन्हा जोमाने वाढले.