आडवाटेवरच्या देखण्या हॉटेलाची कुळकथा

न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर १९८४ साली एक बेताच्या आकाराचं हॉटेल उघडलं. त्याच्या न्हाणीघरात काळ्या-पांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवलेल्या होत्या. पुढे त्या टाइल्सचे फोटो जगभरच्या मासिकांत झळकले आणि त्यांच्या नकला कितीतरी हॉटेलांत, कॅफेंत, घरांत झाल्या. मुळात मात्र त्या काटकसरीपोटी आल्या होत्या. सजावटीचं काम पॅरिसच्या आंद्रे पुतमान यांच्याकडे होतं आणि मालकांच्या हातात पैसा नव्हता. पुतमान यांनी सगळ्यात स्वस्त टाइल दाखवायला सांगितली, तर गुलाबी समोर आली. ती त्यांना बघवेना. पांढरी मिळते का विचारलं, मिळत होती. नुसती पांढरी भकास दिसेल म्हणून जोडीला काळी घेतली. ही हकिगत त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. वॉशबेसिन स्टेनलेस स्टीलची होती. खोल्यांना राखाडी आणि फिके रंग दिले, पलंग बुटके केले, आणि खोली लहान म्हणून खिडकीखालीच बसायची सोय केली.

त्या हॉटेलाचं नाव मॉर्गन्स. आज पुण्या-मुंबईचा माणूस लिस्बनला किंवा बर्लिनला निघाला की आधी ‘कुठल्या भागात उतरायचं’ हे बघतो आणि मग त्या भागातलं एखादं छोटं, देखणं, दुसऱ्या कुणासारखं नसलेलं हॉटेल शोधतो. या सवयीचं मूळ धरायचं तर मॉर्गन्सपाशीच यावं लागतं. आधीच्या पिढ्यांनी हॉटेल निवडताना स्टेशन किती लांब आहे आणि चादरी स्वच्छ आहेत का, एवढंच पाहिलं. त्यात काही चूक नव्हती. हॉटेलचा धंदाच त्या दोन प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी उभा राहिला होता.

एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली बफलो शहरात हॉटेल काढलं आणि दीड डॉलरमध्ये खोली आणि खोलीतच न्हाणीघर अशी जाहिरात केली. मध्यम उत्पन्नाच्या प्रवाशाला स्वतंत्र न्हाणीघर परवडलं, कारण त्यांनी शेजारशेजारच्या न्हाणीघरांची पाठ एकमेकांना लावून सगळे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. मला हा माणूस मोठा वाटतो. पुढे १९५२ साली केमन्स विल्सन यांनी मेम्फिसला पहिलं ‘हॉलिडे इन’ उघडलं. कुटुंबासह मोटारीने फिरताना रस्त्यावरच्या मोटेलांचा त्यांना वीट आला होता: दर मनाला येईल तो आणि मुलांचे पैसे वेगळे. त्यांची साखळी देशभर पसरली ती ‘आमच्याकडे अनपेक्षित काही घडणार नाही’ या हमीवर. १९७५ साली तर हीच त्यांच्या जाहिरातीची मध्यवर्ती ओळ झाली. कुठल्याही गावात दार उघडा, पलंग तिथेच, दिव्याचं बटण तिथेच. थकलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

त्या हमीचा कंटाळा येणारी पिढी सत्तरच्या दशकात तयार झाली आणि ती रात्रभर नाचायला जात होती. तिच्या नाचघरांतलं सर्वांत गाजलेलं म्हणजे मॅनहॅटनमधलं ‘स्टुडिओ ५४’. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, सिराक्यूज विद्यापीठात एकमेकांचे मित्र झालेल्या इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ते एप्रिल १९७७ मध्ये उघडलं. आत कुणाला घ्यायचं हे दारातच ठरे. सिनेनट, चित्रकार आणि कुणालाच ठाऊक नसलेली पण बघण्यासारखी माणसं एकत्र मिसळली तर रात्र रंगते, हे रुबेल यांना नेमकं कळलं होतं. गल्ल्यातला पैसा मात्र हिशेबात येत नव्हता. आपल्याहून जास्त कमाई फक्त माफियाची, अशी बढाई रुबेल यांनी मारली. डिसेंबर १९७८ मध्ये करखात्याची धाड पडली आणि १९८० साली करचुकवेगिरीबद्दल दोघांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

मुदतीआधी सुटून आले तेव्हा त्यांच्याकडे नाव होतं, पण बदनाम. शिक्षा झालेल्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये दारूचा परवाना मिळत नव्हता, म्हणजे स्वतःच्या नावावर नाचघर चालवणं संपलं. बँका दारात उभं करत नव्हत्या. त्यांनी हात घातला तो मरे हिल भागातल्या १९२० च्या दशकातल्या एका रया गेलेल्या हॉटेलात. मरे हिल तेव्हा मुळीच फॅशनेबल नव्हतं. जवळच बँकर जे. पी. मॉर्गन यांचं ग्रंथालय आहे, त्यावरून हॉटेलचं नाव पडलं.

या जातीच्या हॉटेलांचा जन्म असा अडचणीतून झाला, हे समजलं की त्यांच्या कितीतरी लकबींचा उलगडा होतो. खोल्या लहान, कारण इमारत जुनी आणि तिच्या भिंती हलवणं महाग. बाहेर पाटी नाही. ज्यांना ठाऊक आहे तेच येणार, ही नाचघराच्या दारातली युक्ती इथे फुकटात वापरता आली. भिंतींवर रॉबर्ट मॅपलथॉर्प यांची कृष्णधवल छायाचित्रं लावली. महागड्या झुंबरांच्या आणि संगमरवराच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नव्हता आणि परिणाम कितीतरी जास्त. रुबेल यांनी फरक समजावताना सांगितलं की बाकीची हॉटेलं म्हणजे मोठाली डिपार्टमेंटल स्टोअर्स, आमचं म्हणजे छोटं बुटीक. तिथून ‘बुटीक हॉटेल’ हे नाव धंद्याला चिकटलं.

पहिलेपणाचे दावेदार आणखीही आहेत. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये अनुष्का हेम्पेल यांचं ‘ब्लेक्स’ सत्तरच्या दशकाच्या अखेरीसच सुरू झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत बिल किम्प्टन यांनी १९८१ पासून जुन्या इमारती घेऊन छोटी हॉटेलं काढली होती. कालक्रमाने मान त्यांचा. पण ब्लेक्सची श्रीमंती जुन्या वळणाची होती आणि किम्प्टन यांची हॉटेलं आपुलकीची. हॉटेल हे शहराच्या रात्रीचा भाग असू शकतं, ही कल्पना श्रेगर-रुबेल यांची, आणि पुढचा सगळा वंश तिच्यातूनच वाढला.

ती कल्पना पूर्ण उमलली १९८८ साली, चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरच्या ‘रॉयल्टन’मध्ये. इथे सजावट फिलिप स्टार्क यांची. आत शिरलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांबलचक निळा गालिचा, एका बाजूच्या भिंतीतून शिंगांसारखे बाहेर आलेले दिवे, आणि दुसऱ्या बाजूला काही पायऱ्या उतरून खाली बसायची जागा. म्हणजे आत येणारा प्रत्येक माणूस गालिच्यावरून चालताना खाली बसलेल्यांच्या नजरेखालून जाई. लॉबी ही किल्ली मिळेपर्यंत ताटकळायची जागा होती, तिचा त्यांनी रंगमंच केला. जवळच तेव्हा काँदे नास्ट या मासिक-कंपनीची कचेरी होती. तिथले संपादक दुपारी रॉयल्टनच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला येऊ लागले, इतके की ते त्यांचं कॅन्टीनच म्हटलं जाई. समोरच्याच बाजूला ‘अल्गॉनक्विन’ हॉटेल आहे. तिथे १९१९ पासून लेखक-समीक्षकांचा कंपू रोज दुपारी एका टेबलाभोवती जमे. हॉटेल ही गावकऱ्यांचीही बैठक असते हे त्या रस्त्याला नवं नव्हतं. साखळी हॉटेलांच्या काळात विसर पडला होता, तेवढा स्टार्क यांनी दूर केला.

रुबेल १९८९ साली वारले. पुढच्या वर्षी श्रेगर यांनी ‘पॅरामाउंट’ उघडलं. खोल्या आणखी लहान, पण कितीतरी पलंगांच्या डोक्याशी व्हर्मीरच्या ‘लेस विणणारी’ या चित्राची प्रचंड मोठी प्रत. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे आणि जेमतेम २४ सेंटिमीटर उंचीचं आहे. खोलीत दुसरं काही मांडायला जागा नाही, मग एकच गोष्ट अशी करा की माणूस तिच्याबद्दल घरी जाऊन बोलेल. आज एखाद्या हॉटेलच्या फोटोंत एकच भपकेदार भिंत चार बाजूंनी टिपलेली दिसली, की मी खोलीचं क्षेत्रफळ शोधायला लागतो. ते बहुधा खाली बारीक अक्षरात असतं.

मोठ्या कंपन्यांना हे कळायला वेळ लागला नाही. स्टारवुडने १९९८ साली लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर पहिलं ‘डब्ल्यू’ काढलं आणि मग वेगळेपणाच शहरोशहरी सारखा बनून पोहोचू लागला. २००७ साली खुद्द श्रेगर यांनी मॅरियटशी हात मिळवला. या भागात मला फारसा रस नाही.

रस आहे तो वस्त्यांच्या भागात. मॉर्गन्सने हॉटेल देखणं केलं, वस्ती तशीच होती. वस्ती हीच विकण्याची गोष्ट झाली ती नव्वदच्या दशकात, आणि त्याचं न्यूयॉर्कमधलं ठळक उदाहरण सोहो. कारखाने आणि गोदामं ओस पडल्यावर तिथल्या बिडाच्या दर्शनी भागांच्या इमारतींत साठच्या दशकापासून चित्रकार-शिल्पकार शिरले होते. मोठाल्या खिडक्या, मोकळं दालन, नगण्य भाडं. तिथे राहणं बेकायदा होतं. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तिथे राहण्याची मुभा दिली आणि १९७३ मध्ये तो भाग वारसा-परिसर ठरला. मग गॅलऱ्या आल्या, दुकानं आली, भाडी चढली. १९९६ साली ‘सोहो ग्रँड’ हॉटेल उघडलं तेव्हा गॅलऱ्यांनी चेल्सीकडे मुक्काम हलवायला सुरुवातही केली होती. ज्या हवेसाठी पाहुणे येत होते ती निर्माण करणारी माणसं निघून जात होती.

हा क्रम पुढे जवळजवळ ठरूनच गेला. सिएटलच्या बेलटाउनमध्ये १९९९ साली अ‍ॅलेक्स काल्डरवुड आणि त्यांच्या दोन मित्रांनी ‘एस’ हॉटेल काढलं. पूर्वी तिथे सॅल्व्हेशन आर्मीचं निवारागृह होतं. फौजी मालातली जुनी ब्लँकेटं, मित्र-चित्रकारांनी रंगवलेल्या भिंती, काही खोल्यांना सामाईक न्हाणीघरं. दौऱ्यावरच्या वादकांना परवडेल असं काहीतरी, हा प्रामाणिक हेतू होता आणि तो मला अजून आवडतो. २००९ मध्ये तेच न्यूयॉर्कला आले आणि ब्रॉडवे व एकोणतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या, १९०४ सालच्या ‘ब्रेस्लिन’ इमारतीत त्यांनी हॉटेल थाटलं. लॉबीत एक लांब टेबल, त्यावर दिवे आणि लॅपटॉपसाठी प्लग. खोली घेतलेली नसली तरी कुणीही येऊन बसावं. सकाळी अकरा वाजता तिथे पाहुण्यांपेक्षा आसपासच्या कचेऱ्यांतली आणि बिनकचेरीची माणसं जास्त असत. आज जगभरच्या हॉटेलांत तसं टेबल असतं.

पण ब्रेस्लिन रिकामी नव्हती. ते कधीकाळचं हॉटेल उतरणीला लागून एकेका खोलीत राहणाऱ्या भाडेकरूंची इमारत झालं होतं. बरेचसे कलावंत, वृद्ध, कमी उत्पन्नाचे, आणि भाडं कायद्याने बांधलेलं. त्यांनी या बदलाला विरोध केला. काही पैसे घेऊन गेले, काही कायद्याच्या आधाराने त्याच इमारतीत तसेच राहिले. एकाच लिफ्टमध्ये रात्रीचे शेकडो डॉलर मोजणारा पाहुणा आणि जुन्या भाड्यात राहणारा रहिवासी.

मुंबईकराला ही गोष्ट अगदी उलट्या क्रमाने माहीत आहे. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात प्रथम दाखवले गेले ते इथेच, आणि त्याच वर्षी मार्क ट्वेनही इथे उतरला होता. पुढे हॉटेल बंद पडलं आणि खोल्यांचे तुकडे होऊन ती एस्प्लनेड मॅन्शन नावाची भाडेकरूंची इमारत झाली. समोर न्यायालय, म्हणून वकिलांच्या कचेऱ्या खूप. २००५ मध्ये दर्शनी सज्जे कोसळले, दुसऱ्या वर्षी जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं, आणि मग ती रिकामी करण्यात आली. काळा घोडा मात्र याच काळात गॅलऱ्या, कॅफे आणि कलामहोत्सवामुळे शहरातला चोखंदळ भाग झाला. न्यूयॉर्कच्या हिशेबाने ही इमारत केव्हाच देखणं हॉटेल व्हायला हवी होती. आपल्याकडे गोठलेली भाडी, भाडेकरूंचे हक्क आणि दुरुस्ती कुणी करायची याचा वाद, या तिढ्यात ना इमारत सावरली ना माणसं सुरक्षित राहिली. भाडेकरूंना दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

पणजीच्या फोंतेन्हास भागात तिसरीच तऱ्हा पाहायला मिळते. तिथल्या एका कुटुंबाने ऐंशीच्या दशकात, एकतीस जानेवारी रस्त्यावरच्या आपल्या वाडवडिलांच्या घराचं ‘पांजिम इन’ केलं. घरातलेच शिसवी पलंग, घरातलीच कपाटं. नंतर जवळच्या एका जुन्या हिंदू घराला चौकासकट ‘पौसादा’ केलं, आणि पीपल्स हायस्कूलच्या जुन्या इमारतीत तिसरं हॉटेल काढलं. तेव्हा गोव्याला येणारा पाहुणा समुद्रकिनारा सोडून पणजीच्या गल्लीत उतरायला तयार नसे. आता त्या रंगीत भिंतींपुढे फोटोसाठी झुंबड असते, इतकी की आमच्या दारात फोटो काढू नका अशा पाट्या काही रहिवाशांनी लावल्या आहेत. पाट्या लावणारी माणसं अजून तिथे राहतात, ही त्यातली चांगली बाजू.

म्हणून हॉटेल निवडताना टाइल्स आणि दिवे मी जरूर बघतो, देखणेपणाला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण या इमारतीत आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहे, हेही विचारतो. संकेतस्थळावर ‘आमची कहाणी’ या पानात इमारत कुणी बांधली ते असतं, मधली पन्नास वर्षं गाळलेली असतात. फोन करून विचारलं तर काही ठिकाणी गोंधळ होतो, काही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. जिथे उचलणारा माणूस तिथल्या तिथे सांगू लागतो, अमुक मजल्यावर छापखाना होता, अमुक कुटुंब अजून मागच्या बाजूला राहतं, तिथली खोली दोनशे चौरस फुटांची असली तरी मी घेतो.