बोबो बाहुली प्रयोग

आक्रमक वर्तन मुले नुसते पाहून शिकतात का, हे तपासणारी प्रयोगमालिका. तिचे निष्कर्ष १९६१, १९६३ आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ती आखली. पहिल्या दोन प्रयोगांत डोरोथिया रॉस आणि शीला रॉस त्यांच्या सहकारी होत्या. बोबो ही हवा भरलेली विदूषकाची बाहुली. तिच्या तळाशी वजन असल्यामुळे ती ठोसा मारला की कलते आणि लगेच सरळ उभी राहते.

त्या काळी वर्तनवादाचा जोर होता. कृती स्वतः करावी, तिचे बरेवाईट फळ मिळावे, तेव्हाच शिकणे घडते, असे वर्तनवादी मानत. हिंसा पाहिल्याने मनातला राग निवळतो, हे विरेचनाचे मतही प्रचलित होते. बँडुरांच्या प्रयोगांनी या दोन्ही समजुतींना धक्का दिला.

१९६१च्या प्रयोगात विद्यापीठाच्या बालवाडीतील ३६ मुलगे आणि ३६ मुली होत्या. वय ३ ते ६ वर्षे. २४ मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने बाहुलीला ठोसे मारले, लाथाडले, लाकडी हातोडीने बडवले. दुसऱ्या २४ जणांसमोरची व्यक्ती शांतपणे खेळत राहिली. उरलेल्या २४ जणांना काहीच दाखवले नाही. मग प्रत्येक मुलाला आवडती खेळणी देऊन ती काढून घेतली आणि खिजलेल्या अवस्थेत दुसऱ्या खोलीत सोडून २० मिनिटे एकतर्फी आरशाआडून पाहिले. मारझोड पाहिलेल्या अनेक मुलांनी त्याच कृती, त्याच शब्दांसह, हुबेहूब केल्या. इतर दोन गटांतील सुमारे ७० टक्के मुलांत असे अनुकरण अजिबात दिसले नाही. शारीरिक मारझोडीचे अनुकरण मुलग्यांत अधिक होते.

१९६३मध्ये ९६ मुलांवर हाच प्रश्न पडद्याच्या संदर्भात तपासला गेला. काहींनी मारझोड प्रत्यक्ष पाहिली, काहींनी चित्रफितीत, तर काहींनी पडद्यावरच मांजराचा वेष घेतलेल्या पात्राने केलेली. एकूण आक्रमकतेची सरासरी अनुक्रमे सुमारे ८३, ९२ आणि ९९ आली. काहीही न पाहिलेल्या गटाची ५४. म्हणजे पडद्यावरची मारझोड समोरच्या मारझोडीपेक्षा कमी परिणामकारक ठरली नाही.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. ६६ मुलांना एकच चित्रफीत दाखवली, पण शेवट तीन प्रकारचे होते: मारणाऱ्याला शाबासकी आणि खाऊ, मारणाऱ्याला शिक्षा, किंवा काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पुढे प्रयोगकर्त्यांनी, पाहिलेले करून दाखवलेस तर फळांचा रस आणि चित्रे मिळतील, असे सांगितले आणि तिन्ही गटांतला फरक नाहीसा झाला. शिक्षेने कृती रोखली होती, शिकणे नव्हे. खलनायकाला अखेरीस शासन होते, म्हणून चित्रपटातली हिंसा निरुपद्रवी, या नेहमीच्या समर्थनाला इथे गंभीर उत्तर मिळते. शिकणे आणि करणे यांतला हा फरक बँडुरांच्या सामाजिक अध्ययन सिद्धांताचा कणा आहे.

आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. बोबो मारण्यासाठीच बनवलेली असते. तिला ठोसा मारणे आणि माणसाला इजा करणे यांत मोठे अंतर आहे. बाहुली आधीपासून ओळखीची असलेली मुले अनुकरण कमी करतात, असे पुढे दिसून आले. मुलांनी मोठ्यांची अपेक्षा ओळखून ती पुरी केली असावी, अशीही शंका आहे. परिणाम काही मिनिटांतच मोजला गेला. लहान मुलांना मुद्दाम चिडवणे आजच्या नैतिक निकषांवर टिकणे अवघड आहे. पाहून गुन्हेगार घडतात, असा निष्कर्ष या प्रयोगांतून काढणे सर्वथा चूक आहे. बँडुरांनी मोजले होते ते अनुकरण.

तरी दूरचित्रवाणी उद्योग धास्तावला. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी दूरचित्रवाणीवरील हिंसेच्या अभ्यासासाठी समिती नेमताना वाहिन्यांना नावे नाकारण्याची मुभा दिली. नाकारलेल्या सात नावांत बँडुरांचेही होते. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे वाद व्हिडिओ गेमकडे वळला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले की हिंसक गेम आणि ओरडणे, ढकलणे यांसारखी आक्रमकता यांत लहानसा पण विश्वासार्ह संबंध आढळतो; हिंसक गुन्ह्यांचे खापर मात्र अशा खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही.